कीटणात अडकलेला निळा रंग

जर्मनीच्या वेस्टफालिया भागात, लिखटेनाऊजवळच्या डालहाइम या खेड्यात एक मोठा मठ उभा आहे. तो पुरुषांचा, पुढच्या काळातला. आता त्याचे संग्रहालय झाले आहे. त्याच्याही आधी इथे ख्रिस्ती साध्वींचा लहानसा मठ होता. तो कदाचित दहाव्या शतकातच सुरू झाला असावा, पण त्याचा पहिला लेखी उल्लेख १२४४ सालचा. इथे सुमारे चौदा साध्वी राहत असाव्यात. चौदाव्या शतकातल्या लढायांत मठ जळाला. त्याचा एकही ग्रंथ उरला नाही. उरले ते जमिनीखालचे पाये आणि दफनभूमी.

या दफनभूमीतल्या एका बाईचे वय मृत्यूसमयी ४५ ते ६० च्या दरम्यान होते, काळ साधारण अकराव्या-बाराव्या शतकाचा. हाडांवर इजेची खूण नाही, रोगाची नाही. तिचा आहार कळावा म्हणून दातांवरचे कीटण सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर त्यात गडद निळे कण! संशोधक अनिता रादिनी, क्रिस्तिना वॉरिनर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जाहीर केले, की ते कण लाजवर्दाचे, म्हणजे ज्याची पूड ग्रंथांतली चित्रे रंगवायला वापरत त्या निळ्या दगडाचे, आहेत.

त्या काळी युरोपात पोहोचणारा लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला. आपल्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतली निळाईही याच दगडाची. युरोपात तो इतका महाग होता, की निष्णात हातांखेरीज कुणाला मिळत नसे. मग तो या आडगावच्या साध्वीच्या तोंडात कसा गेला? औषधातून, रंग कुटताना उडालेल्या धुळीतून, चित्राचे चुंबन घेताना, असे पर्याय संशोधकांनी तपासले. कण मात्र कीटणाच्या वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले होते, म्हणजे रंग पुन:पुन्हा तोंडात जात होता. कुंचल्याचे टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची चित्रकारांची सवय याला सर्वांत जास्त जुळते. मलाही तेच पटते. ती केवळ रंग कुटून देत असली, तरी ग्रंथनिर्मितीत तिचा हात होताच.

ग्रंथ सजवायचे पुरुष संन्याशांनी, ही समजूत फार काळ टिकली. नम्रतेपोटी साध्वी ग्रंथावर सहसा नाव घालत नसत, आणि निनावी काम आपोआप पुरुषांच्या खात्यावर जमा होई. हा अन्याय मला बोचतो. उत्खननात मिळालेले दात घासून स्वच्छ करण्याची रीत पूर्वी सर्रास होती. या बाईच्या दातांवरचे कीटण तसेच राहिले, म्हणून तिचे काम कळले. इतर मठांच्या दफनभूमींतले दातही आता याच नजरेने तपासायला हवेत.