स्प्रिंगची एअर रायफल : जीर्णोद्धार आणि निगा

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये दारू नसते, काडतूस नसते आणि आधीपासून भरून ठेवलेली हवाही नसते. बिजागरीवरची नळी खाली वाकवली किंवा नळीखालची दांडी ओढली की आतली जाड स्प्रिंग दबते आणि तिच्या पुढचा पोलादी दट्ट्या खटक्यात अडकून राहतो. चाप ओढताच खटका सुटतो, दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्यासमोर कोंडलेली हवा जेमतेम तीन-चार मिलिमीटरच्या भोकातून छर्र्यामागे शिरते. हे सगळे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकते. तेवढ्यात बंदुकीला दोन धक्के बसतात. दट्ट्या सुटताना ती मागे जाते आणि तो पुढे थांबताना पुढे. दारूच्या रायफलीसाठी बनवलेल्या चांगल्या चांगल्या दुर्बिणी या उलट्या धक्क्याने खिळखिळ्या होतात. यंत्र मात्र साधे आहे. त्यामुळेच साठ-सत्तर वर्षे माळ्यावर पडलेली बंदूक घरच्या टेबलावर पुन्हा चालती करता येते, आणि ब्रिटन, जर्मनी व अमेरिकेत या दुरुस्तीचाच एक छंद होऊन बसला आहे.

या छंदाची पंढरी म्हणजे बर्मिंगहॅम. तिथल्या लिंकन जेफ्रीज या बंदूककाराने विसाव्या शतकाच्या आरंभी खालच्या दांडीने स्प्रिंग दाबण्याची रचना केली आणि 1905 च्या सुमारास बीएसए कंपनी त्या बंदुका बनवू लागली. नळी जागची हलत नसल्याने नेम टिकून राही. इंग्लंडमधल्या पबांत तेव्हा एअर रायफलच्या चुरशीच्या स्पर्धा चालत. लोखंडी चकतीच्या मधल्या भोकातून छर्रा गेला की मागची घंटा वाजे. जर्मनीत रास्टाट गावी 1890 मध्ये मायर आणि ग्रामेल्सपाखर यांनी कारखाना काढला. त्यांच्या बंदुका ‘डायना’ नावाने जगभर गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्याची यंत्रसामग्री ब्रिटनमध्ये नेण्यात आली आणि मिलब्रो ही स्कॉटलंडमधली कंपनी ‘डायना’ याच नावाने बंदुका काढू लागली. नळीवर डायना कोरलेले दिसले म्हणून बंदूक जर्मनच असेल असे नाही. सुटे भाग मागवण्यापूर्वी ती कुठे घडली हे पाहावे लागते, नाहीतर स्प्रिंग एकीकडची आणि बंदूक दुसरीकडची असा घोळ होतो.

भारतातली कथा थोडी अनपेक्षित आहे. वालचंद हिराचंद यांनी 1926 मध्ये स्थापन केलेली इंडियन ह्यूम पाइप ही कंपनी काँक्रीटच्या पाइपांसाठी ओळखली जाते. तिने एअर रायफलीही बनवल्या. ‘आयएचपी’ ही अक्षरे असलेल्या या बंदुका अजून अनेक घरांत सापडतात. जत्रेत फुगे फोडायला मिळणारी छर्र्याची बंदूकही याच जातीची, फक्त तिच्या नशिबी निगा नसते. ऑलिंपिकमधल्या एअर रायफली मात्र वेगळ्या. 2008 मध्ये अभिनव बिंद्रा यांनी सुवर्णपदक जिंकले ते टाकीत दाबून भरलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलीने.

जुनी बंदूक हाती आली की ती लगेच झाडून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. नळीत जुना छर्रा अडकलेला असू शकतो, दट्ट्याचे चामडे वाळून दगड झालेले असू शकते आणि खटका झिजलेला असेल तर स्प्रिंग दाबता दाबताच सुटू शकते. नळी वाकवलेली असताना खटका सुटला तर नळी झटक्याने मिटते; छर्रा भरताना बोटे चिरडण्याचे अपघात असेच होतात. म्हणून छर्रा बसवून होईपर्यंत दुसऱ्या हाताने नळी किंवा दांडी घट्ट धरून ठेवायची, हा पहिला नियम.

खोलताना खरा धोका स्प्रिंगचा. बंदूक दाबलेली नसतानाही स्प्रिंग आत काही सेंटिमीटर आवळूनच बसवलेली असते. शेवटचे टोपण आट्यांचे असो की आडव्या खिळीने अडवलेले, ते सुटताच स्प्रिंग जोराने बाहेर येते. यासाठी छंदी लोक फळीवर लांब आट्यांचा बोल्ट बसवून एक शिकंजा करतात. त्यात बंदूक आवळायची, टोपणावरचा ताण शिकंज्यावर घ्यायचा, खिळी काढायची आणि बोल्ट हळूहळू सैल करायचा. दस्त्याचे स्क्रू काढायला टोक खाचेत नेमके बसेल असा स्क्रूड्रायव्हर लागतो. चेमटलेल्या खाचांचे स्क्रू ही घाईघाईने उघडलेल्या बंदुकीची पहिली खूण, आणि जाणकार गिऱ्हाईक किंमत करताना आधी तेच पाहते.

आत पाहण्यासारखी पहिली वस्तू म्हणजे दट्ट्याच्या तोंडाचा वायसर. जुन्या बंदुकांत तो चामड्याचा, वाटीसारखा असतो आणि सायकलच्या पंपातल्या वायसरसारखेच काम करतो: हवेचा दाब वाढला की वाटीची कड फुगून भिंतीला चिकटते. वाळलेले चामडे फुगत नाही, हवा बाजूने निसटते आणि छर्रा नळीतून रेंगाळत बाहेर पडतो. बरेचदा तो वायसर टाकून द्यावा लागत नाही. गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या नीट्सफूट तेलात तो दिवसभर बुडवून ठेवला, जादा तेल निथळू दिले, की चामडे मऊ होते. नंतरच्या बंदुकांत कृत्रिम वायसर आले, पण कृत्रिम म्हणजे टिकाऊ असे नाही. फाइनवेर्कबाउ 124 ही 1970 च्या दशकातली देखणी जर्मन रायफल. तिचा मूळ वायसर वयानुसार आपोआप भुगा होतो, बंदूक एकदाही वापरली नसली तरी. पॉलियुरेथेनचा नवा वायसर बसवणे हाच तिथे इलाज.

तेलाच्या बाबतीत सर्वाधिक घोटाळे होतात. हवा एकदम दाबली गेली की ती कित्येक शंभर अंश तापते, आणि दट्ट्यापुढे खनिज तेल असेल तर ते डिझेल इंजिनातल्यासारखे पेटते. मोठा आवाज, नळीतून धूर, जळका वास. थोडेसे ज्वलन बहुतेक बंदुकांत होतच असते. जेरल्ड कार्ड्यू आणि माइक कार्ड्यू या इंग्रज पितापुत्रांनी बंदूक हवेऐवजी नायट्रोजनमध्ये चालवून पाहिली, तेव्हा छर्र्याचा वेग बराच घसरला. म्हणजे नेहमीच्या वेगातला काही वाटा वंगण जळण्याचाच होता. प्रमाणाबाहेरचे स्फोट मात्र वायसर जाळतात आणि स्प्रिंग मोडतात. म्हणून सगळे जुने चिकट ग्रीस रॉकेलने धुऊन काढायचे, भाग कोरडे करायचे, आणि दट्ट्याच्या घासणाऱ्या कडांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट बोटाने पुसट लावायची. स्प्रिंगला दाट, चिवट ग्रीस. तेही पातळ थरात. कुरकुर करणाऱ्या बंदुकीच्या भोकात फवाऱ्याचे तेल मारणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय.

स्प्रिंग काचेवर लोळवून पाहिली की वाकलेली आहे का ते कळते. मोडलेल्या स्प्रिंगवरही बंदूक चालत राहते, नुसती अंगात थरथरते. त्यामुळे मालकाला कित्येक वर्षे पत्ताच नसतो. झाडल्यावर तारेसारखा झणझणाट येत असेल तर स्प्रिंग आणि तिच्या आतली मार्गदर्शक दांडी यांत जागा जास्त आहे असे समजावे. लेथवर प्लास्टिकची नेमकी मापाची दांडी कातून बसवली की आवाज थांबतो. नव्या माणसाला येथे आणखी जाड स्प्रिंग घालावीशी वाटते. दट्ट्या मग वायसरसकट पुढच्या भिंतीवर आदळतो, बंदूक उसळते, नेम बिघडतो आणि वेग फारसा वाढतही नाही. मूळ मापाची स्प्रिंगच बरी.

नळी मिटते त्या जोडातली गळती शोधायला सिगारेटचा पातळ कागद पुरतो. जोडावर कागदाची पट्टी ठेवून बंदूक झाडली आणि पट्टी उडाली, की तिथला वायसर बदलायचा. जुन्या बीएसएमध्ये नळी वाकत नसल्याने छर्रा फिरत्या तोटीत टाकावा लागतो. ही निमुळती तोटी प्रत्येक बंदुकीत हाताने घासून बसवलेली असते. एका बंदुकीची तोटी दुसरीत चालत नाही, आणि ती झिजली तर दुरुस्ती कुशल कारागिराचीच.

बाहेरच्या रंगरूपाबाबत मतभेद आहेत. पोलादावरची मूळ निळाई पन्नास टक्के उरली असेल तरी संग्राहक ती जशीच्या तशी राखतात. गंज फक्त अतिबारीक स्टीलवूल आणि तेलाने अलगद उतरवतात. बफच्या चाकावर चकाकवलेल्या बंदुकीच्या कडा गोल होतात आणि पेटंटची अक्षरे पुसली जातात, मग ती कितीही झळको. दस्ता अक्रोडाचा किंवा बीचचा असतो. लाकडातला खळगा ओल्या फडक्यावर गरम इस्त्री टेकवून वाफेने वर आणता येतो, नंतर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यायचे. तेलाची फडकी मात्र चुरगाळून टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ती पसरून वाळवावीत.

जोडणी झाली की छर्रा वेगमापकावरून सोडून पाहतात. अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 200 मीटर वेगाने गेला तर त्याची ऊर्जा 10 जूल होते. हा आकडा कायद्याच्याही कामाचा आहे. जर्मनीत परवान्याशिवाय विकायच्या बंदुकांची मर्यादा साडेसात जूल आणि इंग्लंडमध्ये रायफलींसाठी सुमारे सोळा जूल आहे. भारतात 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 20 जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठ्या तोंडाच्या बंदुकीला परवाना लागतो.

त्यानंतरची निगा फार नाही. छर्रा न घालता बंदूक झाडायची नाही, कारण समोर हवेची गादी नसल्याने दट्ट्या थेट भिंतीवर आपटतो. दाबलेल्या अवस्थेत तासन्‌तास ठेवायची नाही. दोन-तीनशे छर्र्यांनंतर दस्त्याचे स्क्रू तपासायचे, कारण त्या दोन धक्क्यांनी ते हटकून सैल होतात. अचानक बिघडलेल्या नेमाचे कारण बहुधा तेच निघते. हात लागलेली प्रत्येक जागा तेलाच्या फडक्याने पुसायची, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बंदूक कापडी पिशवीत बांधून न ठेवता हवा खेळेल अशा बंद कपाटात, छर्रे वेगळ्या कुलपात ठेवायचे.