एमपी४ फुकट नाही, वेबपी टाकाऊ नाही

फोनवर काढलेली गावच्या जत्रेची चित्रफीत विकिमीडिया कॉमन्सवर चढवायला गेलं, की एमपी४ नाकारलं जातं आणि वेबएम मागितलं जातं. ‘एमपी४ तर सगळीकडे फुकट चालतं, इथेच काय अडतं?’ प्रश्न साहजिक आहे, पण त्यातलं गृहीतक चुकीचं.

एमपी४ हे नुसतं वेष्टन. आतली दृश्यं बहुधा एच.२६४ या कोडेकने आवळून बसवलेली असतात आणि त्या तंत्रावर अनेक कंपन्यांनी पेटंटं घेतली. त्यांतल्या बऱ्याच पेटंटांची मुदत आता सरत आली आहे, तो भाग वेगळा. पाहणाऱ्याला बिल येत नाही, कारण फोन किंवा संगणक बनवणाऱ्याने पेटंटांचं शुल्क आधीच किमतीत धरलेलं असतं. पण फुकट वाटल्या जाणाऱ्या फायरफॉक्स ब्राउझरने काय करायचं? २०१३ मध्ये सिस्कोने आपला ओपनएच२६४ कोडेक देऊ केला आणि त्याचं परवानाशुल्क स्वतः भरायचं कबूल केलं. थोडक्यात, कोणीतरी भरतंच. मुक्त ज्ञानकोशातली फाइल वापरणाऱ्यावर अशी वेळ येऊ नये, म्हणून २०१४ मध्ये विकिमीडियाच्या सदस्यांनी चर्चेअंती एमपी४ला नकार दिला. मला तो हट्ट पटतो. जिफचं उदाहरण समोर होतंच: लोक वर्षानुवर्षं बिनधास्त वापरत असताना १९९४ च्या अखेरीस युनिसिसने त्यातल्या आवळण्याच्या पद्धतीवरचं पेटंट पुढे केलं आणि त्या चिडीतून पीएनजी जन्माला आलं.

मग गूगलसारख्या कंपनीने एखादा कोडेक मोफत जाहीर केला, की वाद मिटला? तसंही नाही. ऑन२ ही कंपनी विकत घेऊन गूगलने मे २०१० मध्ये तिचा व्हीपी८ कोडेक वेबएमसह खुला केला. पण शुल्क न घेण्याचा शब्द गूगल फक्त स्वतःच्या पेटंटांपुरता देऊ शकतं. इतरांचे दावे आलेच. २०१३ मध्ये अकरा पेटंटधारकांशी समझोता करावा लागला आणि नोकिया तेव्हाही बाहेरच राहिली. २०१८ च्या एव्ही१ कोडेकमागे गूगल, मोझिला, नेटफ्लिक्स, मायक्रोसॉफ्ट अशी फौज उभी आहे, तरी सिस्वेल या कंपनीने त्यावरही परवान्यांचं दुकान मांडलंच.

खुलं म्हणजे दुय्यम दर्जाचं, हा समज व्हीपी८च्या काळात अगदीच निराधार नव्हता. आज तो शिळा झाला. चित्रांचंच घ्या: गूगलच्या वेबपी या प्रकारातलं चित्र तेवढ्याच दर्जाच्या जेपीईजीपेक्षा २५ ते ३४ टक्के लहान होतं, ही गूगलची स्वतःच्याच मालाची मोजणी. पण फरक आहे हे खरं. मर्यादा वेगळीच आहे: वेबपीची कुठलीही बाजू १६,३८३ पिक्सेलांपुढे जात नाही. मोठ्या जुन्या नकाशांच्या स्कॅनला ते अपुरं पडतं.

वेबपी आयफोनवर उघडत नाही, हेही २०२० च्या सफारी १४ पासून खोटं. आणि फाइलचा प्रकार शुल्कमुक्त असला, तरी आतला फोटो ज्याचा त्याचाच राहतो. परवानगी विचारावीच लागते.

उरला फाइलचं नाव बदलण्याचा उद्योग. ‘.वेबपी’ पुसून ‘.जेपीजी’ लिहिल्याने आतला एक बाइटही हलत नाही. जेपीजीच मागणारं एखादं अर्जाचं संकेतस्थळ फाइलचे पहिले बाइट तपासत असेल, तर ती परत येणार. चित्र संपादकात उघडायचं आणि जेपीईजी म्हणून नव्याने जतन करायचं.