ताटातला भात कमी करताना

गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात आमच्या घरी दोन पत्रे आली. पहिले रक्ततपासणीचे : एचबीएवनसी ४४. ब्रिटनमध्ये ४२ ते ४७ हा आकडा मधुमेहाचा उंबरठा मानला जातो आणि ४८ पासून मधुमेहच. दुसरे पत्र नोकरीचे कंत्राट संपल्याचे. पिष्टमय पदार्थ कमी करा, असे डॉक्टर सांगत होते आणि चौघांच्या किराण्याला आठवड्याला ५० पौंडांपलीकडे जाणे आम्हांला शक्य नव्हते.

ही दोन बंधने एकमेकांच्या उलट दिशेने ओढतात, हे पहिल्याच खरेदीत कळले. पोट भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग तांदूळ, आटा, बटाटा आणि पाव यांच्यातूनच जातो. 'कीटो'चा शिक्का असलेला बदामाच्या पिठाचा इवलासा पाव आमच्या दोन दिवसांच्या भाजीचे पैसे मागत होता. त्या फळीकडे आम्ही पुन्हा फिरकलो नाही. कमी कर्बोदकांचा आहार म्हणजे साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात ती सुमारे २८ ग्रॅम असतात; आपल्या सवयीच्या दोन वेळच्या ताटांत ती मर्यादा सहज ओलांडली जाते. अंड्यात मात्र एक ग्रॅमही नसते आणि माशात तर नाहीच.

मग आम्ही बर्मिंगहॅमच्या बुल रिंग बाजारात जाऊ लागलो, तेही शक्यतो दुकाने आवरायच्या वेळी. तिथला अटलांटिक बांगडा आपल्या कोकणी बांगड्याचा चुलतभाऊच. बांगलादेशी दुकानात 'लोइट्टा' नावाने मिळणारा सुका मासा म्हणजे आपला बोंबील, हे कळायला आम्हांला या देशात सहा वर्षे लागली. कोबी, गोठवलेला पालक, अंडी, कोंबडीची कलेजी, डब्यातील सार्डिन अशी यादी आकाराला आली. शाकाहारी कुटुंबांनी शेंगदाणे, टोफू, पनीर यांचा विचार करावा. डाळ जरूर खावी, पण ती निव्वळ प्रथिने आहे हा समज सोडून. तिच्यात कर्बोदकेही पुष्कळ असतात.

कसायाच्या दुकानात मात्र आमचे पाऊल अडले. पाकिस्तानी कसाई जिला 'ओझरी' म्हणतो ती आपली वजडी. शेजारीच पाय, मुंडी, काळीज. सगळे मटणाच्या तुलनेत कितीतरी स्वस्त. हे सारे आमच्या आजीच्या चुलीवर शिजत होते. तरीही ते मागताना आमचा आवाज खाली गेला, कारण रांगेत मागे एक मराठी ओळखीचे कुटुंब उभे होते. वर्षाला हजारो ओळींची संगणक-आज्ञावली लिहिणारी, दोन पदव्युत्तर पदव्या असलेली आम्ही माणसे एका पिशवीला लाजलो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली आहे. ते पुस्तक आमच्या कपाटात आहे. कपाटातून ते ताटात यायला नोकरी जावी लागली.

येथे कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच हे सोडायला सांगितले. त्यांनी १९२७ मध्ये महाडला सोडायला सांगितले ते मृत जनावराचे मांस, ज्याच्यावर आपला हक्क नव्हे, तर आपली लाचारी लिहिलेली होती. दुकानातून दाम मोजून आणलेल्या वजडीला तो नियम लावणे म्हणजे इतरांची घृणा स्वतःच्या घरात आणणे होय, असे आमचे मत आहे.

याच काळात आई सहा महिन्यांसाठी आली. नोकरी गेल्याचे आम्ही तिला कळवले नव्हते. पहिल्या रात्री ताटात अंड्याचा रस्सा, कोबी आणि अर्धी भाकरी. तिने ताटाकडे पाहिले आणि विचारले, "काम गेलंय का रं तुझं?" १९७२ च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. दुष्काळी कामावरची सुकडी आणि मिलोची भाकरी खाऊन वाढलेल्या तिच्यासाठी पांढऱ्या भाताचा ढीग म्हणजे लेकराचे बरे चालल्याची खूण. ती खूण आम्ही पुसली होती. तपासणीचा कागद दाखवून तिचे समाधान झाले नाही; वजडी शिजलेली पाहून थोडेसे झाले. ती मीठ-हळद लावून गरम पाण्यात कशी खरवडायची, हे तिनेच शिकवले. आम्ही आधी केलेली वजडी तिने एका घासानंतर बाजूला सारली होती.

पुढे जे घडले ते सांगणे अधिक अगत्याचे आहे. आईला बारा वर्षांपासून मधुमेह. आमच्यासोबत तिनेही रात्रीची भाकरी सोडली, आम्हांला कौतुक वाटले. चौथ्या पहाटे ती घामाने भिजली, हात थरथरू लागले. यंत्रावर साखर ३.१, म्हणजे भारतातील मोजमापाने ५६. साखरेचे पाणी दिले, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, तेव्हा ती सावरली. तिच्या गोळीत ग्लिमेपिराइड होते. जेवणातील कर्बोदके घटली तरी ती गोळी साखर खाली ओढतच राहते. गावाकडच्या डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली. म्हणून इन्शुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी ताट बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. ज्या गोळ्यांच्या नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा होतो त्यांच्या बाबतीत धोका वेगळा, रक्तात आम्ल साचण्याचा. पण सल्ला तोच.

आपल्यापैकी बारीक दिसणाऱ्यांनीही तपासणी करून घ्यावी. दक्षिण आशियाई लोकांसाठी येथे बीएमआय २३ पासूनच वाढता धोका धरतात, गोऱ्यांसाठी तो २५.

आईला नेऊन सोडले त्या दिवशी विमानतळावर तिने डब्यातून भाताचा एक घास काढून आमच्या हातावर ठेवला. आम्ही तो खाल्ला. त्यानंतरच्या तपासणीत आकडा ४० आला. कामही मिळाले आहे, पण किराण्याची यादी आम्ही बदललेली नाही.

विहारातील रविवारच्या भोजनदानात पुलाव, पुरी, बटाट्याची भाजी आणि खीर असते, म्हणजे चारही पदार्थ एकाच कुळातले. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या शेजारी कोबीची कोशिंबीर आणि उकडलेली अंडी ठेवण्याची जबाबदारी आम्ही घेतली आहे. वजडीविषयी समितीत अजून एकमत झालेले नाही.