चेन की गिअर?

पुण्यात नाना पेठेत जुन्या जीपचा ऑइल पंप मागितला की दुकानदार विचारतो, "मॉडेल कुठलं?" आमचे मिस्त्री मॉडेल सांगतच नाहीत. नाव बॉनेटवर असतं आणि बॉनेट कुणीही बदलतं. ते पिशवीतून जुना पंप काढून काउंटरवर ठेवतात. "असाच पाहिजे. दात बघून द्या."

गाडी दुसऱ्या महायुद्धातली, विलीस एमबी, डिस्पोजलमधून आलेली. तेव्हापासून तिच्या इंजिनात कुणी काय काय घातलं, त्याची नोंद कुठेच नाही. विलीस आणि फोर्ड या दोघांनी मिळून अशा सहा लाखांवर जीप बनवल्या. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, 'एफ' उमटवला. आमच्या इंजिनात दोन्हींचे बोल्ट निघाले. बिघडत काही नाही, कारण आराखडा एकच आणि 2199 सीसीही तीच. प्रदर्शनात बक्षीस हवं असेल त्याने बोल्टची डोकी तपासत बसावं.

खरी मेख पुढच्या कव्हरखाली आहे. युद्धकाळातल्या या इंजिनात क्रँक कॅमला चेनने फिरवतो. युद्धानंतर काही काळाने चेन जाऊन गिअर आले. बाहेरून इंजिन तेच दिसतं, पण चेनवर क्रँक आणि कॅम एकाच दिशेला फिरतात, तर गिअरला गिअर भिडला की कॅम उलटा फिरतो. त्यामुळे दोन्ही कॅमवरच्या लोबचा क्रमच वेगळा. चुकीचा कॅम ब्लॉकमध्ये निमूट बसतो, इंजिन मात्र चालत नाही.

मिस्त्रींची परीक्षा बिनखर्चाची आहे. कॅम दोन व्ही-ब्लॉकवर ठेवायचा आणि पुढच्या टोकाकडून पाहत घड्याळाच्या काट्यांप्रमाणे हाताने फिरवायचा. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. पहिल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट लोब वर येऊन गेल्यावर तिसऱ्याचा आला तर कॅम चेनचा, दुसऱ्याचा आला तर गिअरचा. आमचा तिसऱ्याचा आला.

आता पंप. त्याला कॅमवरचे तिरपे दात फिरवतात आणि पंपाचा शाफ्ट पुढे डिस्ट्रिब्युटरला. कॅम कसाही फिरो, डिस्ट्रिब्युटरची दिशा तीच राहावी म्हणून बनवणाऱ्यांनी दातांचा कल उलटा केला. दुकानदाराने दोन पंप आणले, जुळे भाऊच जणू. एक चकचकीत, खोक्यावर नुसतं 'जीप'. दुसरा ग्रीसने माखलेला, बिनखोक्याचा. मिस्त्रींनी आपला पंप आळीपाळीने दोन्हींशेजारी उभा धरला. नव्याचे दात उलट कलाचे निघाले. माखलेला जुळला. तो घेण्याआधी कव्हर उघडून, आत फीलर गेज घालून झीज किती ते पाहिलं, मगच भावाची गोष्ट काढली.

दुकानदाराने नवा पंप परत खोक्यात ठेवला. "राहू दे," तो म्हणाला, "महिंद्रावाला नेईल. त्याला गिअरचाच लागतो."