क्लेमेंटाईन आजींची चित्रे आणि गोधड्या

अमेरिकेतील लुईझियाना राज्यात मेलरोझ नावाचा कापसाचा मोठा मळा होता. क्लेमेंटाईन हंटर तेथे मजुरीने कापूस वेचीत, पुढे मळेवाल्यांच्या घरी स्वयंपाक करीत. काळ्या समाजातल्या, अक्षरओळख नाही. पन्नाशी उलटल्यावर, कुणा पाहुण्या चित्रकर्तीचे उरलेले रंग हाती आले. दिवसभराचे काम आटोपून त्या रात्री चित्रे काढू लागल्या. खिडकीचा पडदा, पुठ्ठा, बाटली, मिळेल त्यावर! कापूसवेचणी, धुणे, लग्न, मयत, सारे आपल्याच माणसांचे. गोधड्याही शिवल्या. एकीत तर कापडाचे तुकडे जोडून मळ्यातली घरेच उभी केली. वाकळ शिवणाऱ्या आमच्या माताभगिनींना त्यातले कष्ट सांगायला नकोत.

चित्र पाव डॉलरला जाई. १९५५ साली जवळच्या नॅकिटोश गावच्या कॉलेजात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, पण गोऱ्यांबरोबर त्यांनाच आत प्रवेश नव्हता. दालन बंद असताना गुपचूप नेऊन त्यांना त्यांचीच चित्रे दाखविली! चवदार तळ्याचा इतिहास जाणणाऱ्या आम्हाला हे नवे नाही.

पुढे ते कॉलेज विद्यापीठ झाले. त्याच विद्यापीठाने १९८६ मध्ये आजींना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १ जानेवारी १९८८ रोजी, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. घरांची ती गोधडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन कला संग्रहालयात आहे.