झाकण बंद, लॅपटॉप मात्र टक्क जागा!

लिनक्सवर झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप झोपलाच, असं समजू नका. रविवारी येवल्याहून नाशिकच्या एसटीत बसताना माझा उबुंटूवाला लॅपटॉप बॅगेत फुल चार्ज होता. दोन-अडीच तासांनी काढला तर इस्त्रीसारखा तापलेला, बॅटरी सपाट! आणि सोमवारचं प्रेझेंटेशन आत, सेव्ह न केलेलं.

झाकण मिटल्यावर काय करायचं, हे बहुतेक लिनक्समध्ये ‘सिस्टमडी’चा ‘लॉगिनडी’ ठरवतो. ‘लॉगिनडी डॉट कॉन्फ’ या फाइलमधल्या ‘हँडल लिड स्विच’पुढे ‘इग्नोर’ असेल, तर मशीन जागंच. तिथे ‘सस्पेंड’ करा, रीस्टार्ट मारा. (बाहेरचा मॉनिटर जोडलेला असताना ते मुद्दामच झोपत नाही, तेव्हा घाबरू नका.)

खरी गोम पुढेच आहे. झोपही दोन प्रकारची! ‘सिस’मधल्या ‘पॉवर’ फोल्डरात ‘मेम स्लीप’ फाइल बघा. चौकोनी कंसात ‘डीप’ दिसलं तर गाढ झोप. ‘एस टू आयडल’ दिसलं तर नुसती डुलकी, बॅटरी खाणारी. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ‘डीप’ मिळतच नाही. अशा मशीनला प्रवासाआधी मी सरळ शट डाउन करतो. परत सुरू व्हायला मिनिटभर लागतं, लागू दे की!