चाळीस वॉटचा मळा

पुण्यात फ्लॅटला गॅलरी मिळते, पण त्या गॅलरीला ऊन मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. कोथरूड, बाणेर, खराडी, कुठेही जा. शेजारच्या प्लॉटवर बारा मजले चढले की आपल्याकडची तुळस उंच, किडकिडीत आणि फिकी होऊ लागते. अशा घरात कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फुटांचा, आतून चंदेरी अस्तराचा तंबू उभा करायचा आणि एलईडीखाली पालेभाजी वाढवायची, हा माझा कैक वर्षांचा नाद. तयार दिवे बाजारात भरपूर आहेत. तरी माझं मत ठाम आहे की हा दिवा स्वतः जोडावा. आपण जोडलेल्या दिव्याचा प्रत्येक सांधा आपल्याला ठाऊक असतो. उद्या एक पट्टी गेली तर आख्खा दिवा भंगारात जात नाही.

इतिहास थोडक्यात. निक होलोनियाक यांनी १९६२मध्ये डोळ्यांना दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी दाखवला. प्रखर निळा एलईडी यायला नव्वदचं दशक उजाडलं आणि त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं नोबेल मिळालं. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. आपल्या कामाचा एलईडी हाच.

गुलाबी-जांभळ्या दिव्यांचा मी कट्टर विरोधक आहे. पान लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं हे खरं, पण हिरवाही वाया जात नाही. तो पानात खोलवर पोचतो आणि तिथे कामी येतो. शिवाय गुलाबी उजेडात पानाखालचा मावा दिसत नाही, पिवळेपणा कळत नाही. रोप रोज नीट बघता येणं हे निम्मं बागकाम आहे, म्हणून पांढरा प्रकाशच घ्यावा.

आता उजेड मोजायचा कसा? वॉट म्हणजे विजेचा खर्च. त्यावरून पानाला काय मिळालं ते समजत नाही. पानाला मिळतात ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण, आणि ते मोजायचं एकक मायक्रोमोल. त्याचं मीटर महाग असतं. पण पांढऱ्या एलईडीसाठी सोपा हिशोब आहे. लक्समीटरचा आकडा साधारण ७०ने भागायचा. मे महिन्यातल्या दुपारी उघड्यावर लाखभर लक्स असतात आणि रात्री दिवाणखान्यात शे-दोनशे. ट्यूबलाइटखाली कोथिंबीर का येत नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. लेट्यूस, पालक, मेथी यांना रोज सोळा तास १५ हजार लक्स मिळाले तरी ती खूश असतात. म्हणजे सुमारे २१५ मायक्रोमोल. चांगल्या पट्ट्या घेतल्या तर दोन बाय दोनच्या तंबूत हे चाळीस वॉटमध्ये बसतं. महिन्याला वीसेक युनिट वीज.

सामानासाठी बुधवार पेठ गाठायची. तपकीर गल्लीत शिरलं की माझा पाय लवकर निघत नाही. पट्ट्या, ड्रायव्हर, टायमर, थिंबल, केबल ग्लँड, सगळं हाकेच्या अंतरावर. फक्त एका मालापासून लांब राहा. एलईडीची सुटी गोल किंवा चौकोनी प्लेट मिळते, तिच्यावरच ड्रायव्हर बसवलेला असतो आणि दोन वायरी थेट २३० व्होल्टला जोडायच्या असतात. स्वस्त आणि सुटसुटीत दिसते. पण तिच्यात मेन लाइन आणि एलईडी यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचा आडोसा नसतो. बंद बल्बच्या आत ती ठीक. तंबूत आपण ओल्या हातांनी पाणी फवारतो, तिथे ती जिवावर बेतेल.

म्हणून ड्रायव्हर आयसोलेटेडच हवा, आणि कॉन्स्टंट करंटचा. माझ्या मते सगळ्या दिव्याचा जीव ड्रायव्हरात आहे. एलईडी तापला की त्याला लागणारा व्होल्टेज थोडा उतरतो. व्होल्टेज कायम ठेवलात तर करंट वाढतो, तो आणखी तापतो, करंट आणखी वाढतो. कॉन्स्टंट करंटचा ड्रायव्हर हे चक्र सुरूच होऊ देत नाही. माझी आवडती जोडणी अशी आहे. दोन-दोन फुटी चार पट्ट्या घ्यायच्या. एका पट्टीत आठ-आठ चिपच्या सिरीज असतात, म्हणजे पट्टीला सुमारे २३ व्होल्ट. दोन पट्ट्या सिरीजमध्ये जोडल्या की ४६. त्यांना ४५० मिलिअँपिअरचा, ३६ ते ५४ व्होल्ट छापलेला ड्रायव्हर. उरलेल्या दोघींना तसाच दुसरा. प्रत्येक जोडी एकवीस वॉटच्या आसपास जाते. चारही पट्ट्या एकाच सिरीजमध्ये घेतल्या तर एक ड्रायव्हर वाचतो, पण व्होल्टेज नव्वदीपार जातो. डीसीत साठ व्होल्टच्या आत राहिलेलं घरात बरं. शिवाय एक ड्रायव्हर रात्रीत बसला तरी अर्धा तंबू उजेडात राहतो.

पट्ट्या अॅल्युमिनियमच्या चौकोनी सेक्शनवर बसवायच्या, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ हात. स्लायडिंग खिडक्यांच्या कारागिराकडे सेक्शनचे तुकडे सहज मिळतात. त्यावर अॅनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही. त्यामुळे अर्थिंगची हिरवी वायर नुसती स्क्रूखाली दाबून भागत नाही. कानशीने तेवढा ठिपका घासायचा, खालचा धातू लख्ख दिसला पाहिजे. मग थिंबल, दातेरी वॉशर, स्क्रू. मल्टीमीटरची एक पिन थ्री-पिन प्लगच्या जाड पायाला आणि दुसरी सेक्शनवर उघड्या केलेल्या धातूला लावली की बीप आलाच पाहिजे. तो आल्याशिवाय प्लग भिंतीत जाऊ देऊ नये. ड्रायव्हर तंबूच्या बाहेर टांगायचे. वायर सॉकेटकडे जाण्याआधी जरा खाली झोळ देऊन न्यायची, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथेच गळून पडतं. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर पट्ट्यांच्या आधी तो बसवून घ्या.

सूर्य न दाखवता रोपं वाढवणं पुण्याला नवं नाही. टिश्यू कल्चरच्या खोल्यांमध्ये मांडणीवर बाटल्या आणि त्यांच्यावर ट्यूब, हा थाट इथे तंबूंच्या किती तरी आधीचा. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या बांबूला फुलं आणली आणि तो निबंध १९९०मध्ये ‘नेचर’मध्ये आला. जो बांबू रानात फुलायला कित्येक दशकं घेतो, तो इथे काही महिन्यांत फुलला. श्रेय दिव्यांचं नव्हतं, पोषक माध्यमातल्या सायटोकायनिनसारख्या घटकांचं होतं. तरी मांडणीपुढे उभा राहिलो की मला हा बांबू आठवतोच.

दिव्याइतकाच अंधारही महत्त्वाचा, हे शेवंती शिकवते. दिवस लहान झाले की तिला कळ्या धरतात. खरं तर ती मोजते रात्र. म्हणून पॉलिहाऊसवाले मध्यरात्री काही वेळ दिवे लावतात. लांब रात्र मोडते, शेवंती नुसतीच वाढत राहते, आणि हव्या त्या सणाच्या हिशोबाने दिवे बंद केले की कळ्यांवर येते. तंबूत शेवंती ठेवायची तर सोळा तासांचा टायमर चालणार नाही. कळ्यांसाठी तिला बारा-तेरा तास सलग काळोख हवा. पालेभाजीबरोबर तिची सोय एका तंबूत होत नाही.

सुरुवात करायला थंडीचे दिवस उत्तम. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तंबू तापतो आणि लेट्यूस कडू होऊन फुलावर जातं. दिवाळीनंतर मात्र रात्री गार होत जातात, पट्ट्यांची ऊब रोपांना मानवते, हवा खेळती ठेवायला कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा पुरतो. पहिल्या खेपेला मेथी पेरा. आठवड्याभरात पट्ट्या फार उंच टांगल्यात की बरोबर, ते तीच सांगते. बुटकी आणि गर्द हिरवी असेल तर बरोबर. मान लांब करून वर झेपावत असेल तर पट्ट्या वीतभर खाली घ्या.